राणीची सात उद्दिष्टं आणि डोंबिवलीच्या दोन शेगड्या

माझ्या नोकरीची चौदा वर्षं एका इंग्रज राणीने खाल्ली. सोळाव्या शतकात गादीवर आलेली, लग्न न केलेली, प्रॉटेस्टंट. तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या घरात ती नुसती ‘राणी’. मिस्टर रुवैसला रिफायनरीत होते. आठवडाभर तिकडे राहून गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी बुधवारी संध्याकाळी अल ऐनला यायचे आणि दारातून पहिला प्रश्न विचारायचे, “काय म्हणते तुझी राणी? जमलं का लग्न?”

आखातात राहिलेल्या माणसांच्या आठवणी म्हटलं की वाचकाला तेल, वाळू आणि सोनं अपेक्षित असतं. मी आयुष्यात तेलाची विहीर पाहिली नाही. अल ऐनच्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत मी बारावीच्या मुलांना इंग्लंडचा इतिहास शिकवला. माझी एमएची पदवी मराठ्यांच्या इतिहासाची. पण शाळेला इतिहासाची बाई हवी होती आणि मला नोकरी, त्यामुळे दोघांनीही फार चौकशी केली नाही. जून महिन्यात सांगलीला माहेरी बसून मी राणीचं चरित्र पाठ केलं आणि सप्टेंबरमध्ये वर्गात अशी उभी राहिले, की जणू तिच्या दरबारातूनच आले आहे.

धंदा काय होता ते थोडक्यात सांगते. परीक्षा इंग्लंडमधलं मंडळ घेतं. पेपर तिथून सीलबंद येतात, मुलं इथे लिहितात, उत्तरपत्रिका तपासायला पुन्हा तिकडे जातात. प्रश्न आपल्यासारखे ‘कारणे लिहा’, ‘टिपा लिहा’ असे नसतात. एक विधान देतात आणि विचारतात, हे तुम्हाला कितपत पटतं? आता ‘कितपत पटतं’ हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. शाळेत नाही, कॉलेजात नाही, लग्नाच्या वेळी तर नाहीच.

वर्गात अकरा मुलं. अमिराती, इजिप्शियन, लेबनीज, पाकिस्तानी, मल्याळी, एक सुदानी. त्यांना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं भांडण समजावणं हे माझं काम. त्यात आमची शाळा फार सांभाळून वागणारी. नवीन पुस्तकं आली की स्टाफरूममध्ये काळे मार्कर वाटले जायचे, आणि दारूचा किंवा डुकराचा उल्लेख आला की तो शब्द आम्ही काळा करायचो. मला त्याचं काही वाटत नसे. ज्याच्या गावात राहायचं त्याची रीत पाळायची. पंचाईत एवढीच, की त्या दोन पंथांचं निम्मं भांडण प्रार्थनेच्या वेळच्या पाव आणि वाइनवरून. माझ्या पुस्तकात पाव शिल्लक आणि पुढे काळा चौकोन. मुलं विचारायची, “मिस, ब्रेड अँड व्हॉट?” मी म्हणायची, “ब्रेड अँड अ ड्रिंक.” एका वर्षी दोघांनी परीक्षेत सरळ ‘ब्रेड अँड ज्यूस’ लिहिलं.

पालकही एकेक. सईद नावाच्या मुलाचे वडील खजुराच्या बागांचे मालक. पालकसभेला आले, मुलाच्या मार्कांबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, “अब्ला, ही राणी लग्न का करत नाही?” अब्ला म्हणजे बाई. मी परदेशी राजपुत्र, देशी सरदार, दोन्हीकडचे धोके असं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. “स्मार्ट वुमन. लग्न होत नाही तोवर सगळे नातेवाईक नीट वागतात.” मी चार तासिका घेऊन जे सांगायची ते या गृहस्थांनी एका वाक्यात संपवलं.

आता माझ्या चुकीकडे येते.

राणी गादीवर आली तेव्हा देशाची दशा अशी, की वडिलांनी पोपशी संबंध तोडले, भावाने देश प्रॉटेस्टंट केला, बहिणीने पुन्हा कॅथलिक केला आणि न ऐकणाऱ्यांना जाळलं. वीस-पंचवीस वर्षांत लोकांनी इतक्या वेळा देव बदलला, की कुठल्या दिवशी काय पुटपुटायचं ते कळेना. तेव्हा पंचवीस वर्षांच्या या मुलीने मधला मार्ग काढला. चर्च प्रॉटेस्टंट, त्याची प्रमुख मी. पण पाद्र्यांचे झगे जुने राहू देत, प्रार्थनेचे शब्द असे, की दोघांनाही आपलेच वाटावेत. रविवारी सगळ्यांनी चर्चला यायचं, नाही आलात तर दंड. मनात काय आहे ते मात्र मी विचारणार नाही.

हे मला पाहताक्षणी आवडलं, कारण मी हे आधी पाहिलं होतं. डोंबिवलीत, सासूबाईंच्या दोन खोल्यांत. आमच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे आणि मी पडले नाडकर्ण्यांच्या घरात, जिथे बांगड्याशिवाय रविवार उजाडत नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात नियम केला. आतली शेगडी माझी, गॅलरीतला स्टोव्ह माशांचा. “कोणाच्या ताटात काय आहे ते मी बघणार नाही. पण साडेबाराला सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं.” त्यांनी हा कायदा एकही सही न घेता केला आणि तो त्यांच्या शेवटापर्यंत चालला. अल ऐनमध्येही आमचं असंच होतं. आमच्या हॉलमध्ये गणपती बसायचा, समोरच्या दारातून ईदला बकऱ्याच्या मटणाचं पातेलं यायचं, वरच्या मजल्यावर मल्याळी बाई रविवारऐवजी शुक्रवारी चर्चला जायची. कोणी कोणाला काही विचारत नसे. लिफ्टमध्ये भेटलो की सगळे उन्हाळ्याबद्दल बोलायचो. मी मनाशी ठरवून टाकलं, की राणी आमच्यातलीच.

म्हणून एका वर्षी मी नव्या नोट्स काढल्या. ‘राणीची राजकीय व धार्मिक उद्दिष्टं : एकूण सात.’ एक, गादी टिकवणं. दोन, पोपशिवायचं चर्च. तीन, धार्मिक सहिष्णुता. मग पैसा, पार्लमेंट, लग्न, फ्रान्स-स्पेनशी युद्ध टाळणं. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, शेवटचं वाक्य ठरलेलं, आणि मध्ये मला अतिशय आवडलेलं एक वाक्य : ‘राणी म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या ठेवून सगळ्यांना एका वेळी जेवायला बसवणारी सासू.’ हे सगळं मी वर्गात स्वल्पविरामासकट सांगितलं आणि मुलांनी लिहून घेतलं. पाठ करा म्हटलं, त्यांनी पाठ केलं. मी स्वतः अशीच पहिली आले होते. चांगली शिक्षिका म्हणजे जिच्या नोट्स चांगल्या, हे आमच्याकडे न सांगता ठरलेलं असतं.

दहा मुलं खूश होती. अकरावी हिबा.

हिबा सुदानची. वडील हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट, घरात पाच भावंडं, ही सगळ्यात मोठी. उंच, शांत, आणि प्रश्न विचारायच्या आधी पेन खाली ठेवणारी. तिने पेन खाली ठेवलं की मी घड्याळाकडे पाहायची. तिसरा मुद्दा सांगितला त्या जानेवारीत तिने पेन ठेवलं.

“मिस, चर्चला आला नाहीत तर फाइन. मग टॉलरेशन कुठे आलं?”

“मनात काय आहे ते विचारत नव्हती ना.”

“विचारून तिला मिळणार काय होतं? तिला देश शांत हवा होता. शांत राहणाऱ्याला सोडून देणं आणि त्याला मान्य करणं सेम आहे का?”

घड्याळात आठ मिनिटं उरली होती आणि चार मुद्दे सांगायचे बाकी होते. मी म्हटलं, “हिबा, यल्ला, चल, लिही.” तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यात वह्या तपासायला आल्या तेव्हा पाहिलं, डाव्या पानावर माझ्या नोट्स सुवाच्य अक्षरात आणि उजव्या पानावर पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात तिची वाक्यं. ‘सहिष्णुता हे उद्दिष्ट नव्हे, तो फक्त परिणाम. सासूने सुनेला विचारलं होतं का?’ मला राग आला. खोटं कशाला बोलू, सासूबद्दल विचारलं म्हणूनच जास्त आला. मी लाल पेनाने खाली लिहिलं, ‘स्टिक टू द नोट्स. एक्झाम इज नॉट द प्लेस टू आर्ग्यू.’ आणि सही केली.

त्या वर्षी हिबाला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात कायद्याला प्रवेश मिळाला होता, तोही फी माफ करून. अट एकच : इतिहासात ए ग्रेड. ती नसेल तर प्रवेशही नाही आणि माफीही नाही. पाच मुलांच्या फार्मासिस्ट बापाला तिथली फी भरणं या जन्मी शक्य नव्हतं. ही गोष्ट मला माहीत होती. लाल पेन हातात घेताना आपण तिच्या भल्यासाठीच लिहितो आहोत याची मला खात्री होती.

जूनमध्ये पेपर झाला. प्रश्न होता, राणीची उद्दिष्टं धार्मिक जास्त होती की राजकीय, ते ठरवा. मुलं बाहेर येऊन म्हणाली, “मिस, सेव्हन पॉइंट्स! सगळे लिहिले!” मी घरी येऊन शिरा केला.

ऑगस्टमध्ये निकालाऐवजी पत्र आलं. सुट्टी लागून शाळा ओस पडलेली. आम्ही त्या वर्षी मुलीच्या टायफॉइडमुळे भारतात गेलो नव्हतो. मुख्याध्यापक नजीबसर, लेबनीज, मोठ्या पोटाचा मायाळू माणूस. त्यांनी मला बोलावून कागद पुढे सरकवला. या केंद्रातील अकराही उमेदवारांच्या उत्तरांत वाक्यं शब्दशः सारखी आहेत. परीक्षागृहात नक्कल झाल्याचा संशय असल्याने सर्वांचे निकाल रोखले आहेत. शाळेने दोन आठवड्यांत खुलासा करावा आणि विद्यार्थ्यांनी ज्यावरून तयारी केली ते वर्गातलं साहित्य मूळ प्रतीत पाठवावं. तपासनिसाने शेवटी जोडलं होतं, की अकराही उत्तरपत्रिकांत एका सासूचा आणि दोन शेगड्यांचा उल्लेख आहे, त्याचा संदर्भ मंडळाला कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही.

खाली अकरा नंबर होते. मी हिबाचा नंबर शोधला. तो असायला नको होता. दहा मुलं माझं ऐकतील, पण ती तिचं स्वतःचं लिहील अशी माझी कुठेतरी आत खात्री होती. तिचा नंबर चौथा होता.

नजीबसर म्हणाले, “मिसेस नाडकर्णी, लिसन. आपण लिहू, की मुलांनी ग्रुप स्टडी केला. कुठलं तरी गाइड वापरलं, आपल्याला माहीत नाही. खलास. तुमचं नाव येणार नाही, शाळेचं नाव येणार नाही.”

त्या बुधवारी मिस्टर आले. त्यांनीही तेच सांगितलं. “अगं, ग्रुप स्टडी लिहून टाक ना. खोटं कुठे आहे? पाठ करायला बसलीच असतील ना एकत्र.” आमची नऊ वर्षांची मुग्धा सोफ्यावर पडून ऐकत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने मान वर करून विचारलं, “आई, डिड यू चीट?”

मी नाही म्हटलं. पण मला ते म्हणायला वेळ लागला.

खुलासा काहीही लिहिला तरी वही लागणार होती. मुलं कैरोला, बैरूतला, लाहोरला, कोट्टयमला गेलेली. अमिराती मुलं युरोपात. अल ऐनमध्ये एकच कुटुंब होतं, कारण त्यांना सुदानला जाऊन सहा वर्षं झाली होती. शुक्रवारी सकाळी मी हिबाच्या घरी गेले. आईने कर्कदेचं, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं, थंड सरबत आणून ठेवलं, वडील उभेच राहिले. मी पत्रातला मजकूर सांगितला. वडिलांनी एकच विचारलं, “मॅडम, माझ्या मुलीने कॉपी केली?”

“नाही,” मी म्हटलं. “माझी केली.”

हिबाने वही आणून दिली. मी दारापर्यंत गेले आणि राहवेना म्हणून विचारलं, “तूसुद्धा? तुला पटत नव्हतं ना तिसरं?”

“नाही पटत.”

“मग का लिहिलंस?”

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. “मिस, तुम्ही रेडने लिहिलं होतं. माझं ॲडमिशन होतं. मी रिस्क घेतली नाही.” मग म्हणाली, “फाइन नको म्हणून चर्चला जाऊन आले.”

मी तशीच शाळेत गेले. वॉचमनने स्टाफरूम उघडून दिली. एसी बंद, टेबलावर वाळूचा थर. वही उघडून ते पान काढलं. डावीकडे माझे सात मुद्दे सासूसकट. उजवीकडे तिची पेन्सिल, आणि खाली माझी लाल ओळ, माझ्या सहीसकट. माझ्याइतका इतिहास शिकवलेल्या बाईला तो कागद काय पुरावा आहे ते वेगळं सांगायला नको होतं. एका मुलीने विचार केला होता आणि तिच्या शिक्षिकेने तिला विचार करू नकोस असं लेखी दिलं होतं.

टेबलाच्या खणात काळा मार्कर होता. त्या हाताने मी पुस्तकांतले इतके शब्द काळे केले होते, की सवयीने त्याचं टोपणही काढलं. एक ओळ काळी केली तर उरतं काय, की बाईंनी नोट्स दिल्या, मुलांनी पाठ केल्या. चूक आहे, पण लाज नाही. कोणी विचारलं असतं तर आमच्याकडे वह्या-पुस्तकांत काळे चौकोन असतातच.

मार्कर तसाच धरून मी ते पान पुन्हा वाचलं आणि मला पुढचं दिसलं. लाल ओळ काढली तर त्या पानाचा अर्थ असा होतो, की या मुलीचं मत वहीत वेगळं आहे आणि पेपरात मात्र इतर दहा जणांचं. मग तिनेच शेजारच्याचं पाहून लिहिलं असणार. ती ओळ मला बुडवत होती आणि तीच ओळ हिबाला वाचवत होती. दोघींचं एकदम भागेल असा मधला मार्ग तिथे राणीलाही सापडला नसता.

मी टोपण लावलं. टाइपरायटरवर दोन पानांचं पत्र लिहिलं. नोट्स माझ्या, पाठ करण्याची सक्ती माझी, लाल शाई माझी. विद्यार्थ्यांनी फक्त आज्ञा पाळली. शेवटी लिहिलं, ‘उत्तरांतली सासू कुठल्याही ग्रंथातली नाही. ती माझी आहे.’

नजीबसरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी सोबत राजीनामाही ठेवला होता. तो त्यांनी परत दिला. “आणि सप्टेंबरमध्ये शिकवणार कोण? मी? यल्ला, जा.” पत्रावर सही मात्र केली. त्यांच्या शाळेचं नाव त्या कागदावर जाणार होतं, तरी केली. या माणसाचे मी पुरेसे आभार कधी मानले नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. नक्कल झालेली नाही, निकाल जाहीर करत आहोत. मात्र उत्तरं पाठ केलेली असून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, म्हणून गुण त्याप्रमाणे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वतःचं मत मांडू द्यावं अशी नम्र सूचना. बहुतेक मुलं सीवर आली. हिबाला बी.

एका ग्रेडने प्रवेश गेला. तिच्या वडिलांनी फोनवर ‘अल्हम्दुलिल्ला, कॉपीचा डाग तर गेला’ असं म्हटलं, तेव्हा मला रडू आवरेना. विद्यापीठाला शाळेने मंडळाचं पत्र पाठवलं. त्यांनी भलेपणाने कळवलं, जागा आणि माफी वर्षभर राखून ठेवतो. जानेवारीत पुन्हा परीक्षा द्यावी, ए हवाच.

ऑक्टोबरपासून आठवड्यातून तीन दुपारी हिबा आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसायला लागली. तिला शिकवायचं नव्हतं, तिला बोलू द्यायचं होतं. वर्षानुवर्षं बोलण्याची सवय झालेल्या बाईला गप्प बसणं काय असतं ते ज्याचं त्याला कळे. ती मुद्दा मांडायची, अडायची, खोडायची, आणि माझ्या जिभेवर तयार वाक्य येऊन उभं राहायचं. शेवटी मी बडीशेपेची वाटी जवळ ठेवली. बोलावंसं वाटलं की चिमूटभर तोंडात टाकायची. मिस्टर एका गुरुवारी हे पाहून गेले आणि आत जाऊन म्हणाले, “लग्नाला बारा वर्षं झाली. ही बडीशेप मला आधी कशी सुचली नाही?”

त्या दिवसांत एक उद्योग मी चोरून केला. डोंबिवलीला फोन लावला. इकडचं-तिकडचं झाल्यावर सासूबाईंना विचारलं, “आई, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी वेगळी शेगडी ठेवलीत, ती का?”

“आता हे कुठून काढलंस? पैसे जळतायत फोनचे.”

“सांगा ना.”

“अगं, नाहीतर तू जाऊन बसली असतीस सांगलीला आणि विनू तुझ्या मागनं. घर फुटलं असतं माझं. तुझ्या त्या घेवड्याच्या भाजीचं मला काय कौतुक?”

मी फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसले. हिबा मान खाली घालून लिहीत होती. मी तिला काही सांगितलं नाही. उगाच आयता पुरावा कशाला द्यायचा? तिचं तिला सापडलेलंच होतं. मी चिमूटभर बडीशेप खाल्ली.

जानेवारीत पेपरच्या आदल्या दिवशी ती दारात चपला घालत होती. पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. “मिस, त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर? काय लिहू?”

वर्षभरापूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे सात मुद्दे होते. “तुला जे पटतं ते,” मी म्हटलं. तिचं सगळं त्या तीन तासांवर होतं आणि मी तिला रिकाम्या हाताने पाठवत होते असंच मला वाटत होतं.

मार्चमध्ये दुपारी फोन आला. मागे तिच्या भावंडांचा इतका कल्ला, की मला आधी काही कळेचना.

“मिस, ए!”

मी खुर्चीत बसले. मग मी शिक्षिकेसारखं विचारलं, “काय लिहिलंस?”

“तुमचा थर्ड पॉइंट चूक आहे असं लिहिलं. चार पानं.”

“आणि सासू?”

“सासूला नाही घेतलं, मिस. सॉरी.”

तिची वही मंडळाने परत केली होती आणि ती माझ्याच कपाटात राहिली होती. त्या संध्याकाळी मी ती काढली, ते पान उघडलं आणि लाल पेन घेऊन तिच्या पेन्सिलच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. चौदा महिने उशिराने. खालची माझी ओळ तशीच ठेवली.

सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडला निघाली त्याच्या आदल्या दिवशी वही तिला नेऊन दिली. तिने पान उलटून पाहिलं. खूण पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं.

“फुल मार्क्स, मिस?”

“नाही,” मी म्हटलं. “अक्षर फार बारीक आहे.”